अश्विनचं मोजणीचं पुस्तक

अश्विन मध्य प्रदेशातल्या बालाघाटात लोकांचं रक्त काढतो. एका पॅथॉलॉजीत कामाला आहे. सकाळी साडेसहाला मोटरसायकल काढून घरोघरी जातो, उपाशीपोटी चिडलेल्या माणसांच्या दंडाला रबर बांधतो आणि सुई अशी टोचतो की बोलणाऱ्याचं वाक्यही मध्ये तुटत नाही. शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित लोकांची साखर त्याला तोंडपाठ आहे. उरलेल्या वेळात, चौदा वर्षं, त्यानं एक कादंबरी लिहिली.

मी संघमित्रा. परसवाड्याकडच्या एका सरकारी शाळेत इतिहास शिकवते, हिंदीतून. मराठी आमच्या घरात आईच्या ट्रंकेतून भंडाऱ्याहून आली आणि राहिली. अश्विन आणि मी सहावीपासून एका वर्गात. पूर्ण नाव घ्यायचा त्याला आळस, म्हणून मी त्याची 'मित्रा'.

कादंबरीचं नाव 'जरीब'. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. काळ दीडशे वर्षांपूर्वीचा. गोऱ्या साहेबाचा हुकूम सुटलाय आणि वैनगंगेकाठच्या गावांची मोजणी सुरू आहे. साखळीच्या एका टोकाला बाहेरगावाहून आलेला अमीन, मोजणीचा अंमलदार केशोराव, दुसऱ्या टोकाला गावातला गडी सुकलू. दिवसभर दोघांमध्ये साखळीभर अंतर. संध्याकाळी साखळी गुंडाळली जाते आणि ते अंतरही हळूहळू गुंडाळलं जातं. एवढीच गोष्ट. दोन पुरुषांचं प्रेम, साडेतीनशे पानं, मराठीत. मी हस्तलिखित तीनदा वाचलं होतं. तिसऱ्यांदा रडायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी रडले.

नागपूरच्या प्रकाशकानं पुस्तक छापलं, पण जरा अंग चोरून. मागच्या पानावर 'मातीशी आणि माणसाशी जोडणारी विलक्षण कहाणी' असं घातलं, म्हणजे त्यात बैल असो की प्रेम, कोणाला पत्ता लागू नये. मुखपृष्ठावर सूर्यास्त आणि साखळी. साखळी सायकलची होती. अश्विननं फोन करून विचारलं तर प्रकाशक म्हणाले, "चित्रकार पुण्याचा आहे."

आता हे पुस्तक वाचणार कोण, तर आमचं वैनगंगा मराठी मंडळ. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता सभा भरते. 'मले आवडलेलं पुस्तक' म्हणून कार्यक्रम असतो. एकानं उठून एका पुस्तकाची शिफारस करायची, बाकीच्यांनी ते मागवायचं. पंचवीसेक लोक येतात. त्यातले दहा पुस्तकासाठी, पंधरा तर्रीपोह्यांसाठी, आणि ते दहाही पोहे सोडत नाहीत. अध्यक्ष मोतीलालजी, निवृत्त पटवारी. अकरा वर्षं तेच अध्यक्ष, कारण पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली आहे आणि ती मागायची कोणाची हिंमत नाही.

"या महिन्यात तुहा नंबर आहे ना?" अश्विननं मला विचारलं. "माह्या पुस्तकाबद्दल सांगशील?"

"हौ."

"काय सांगशील?"

"जे आहे ते."

"सगळं?"

"सगळं. दोन माणसं, दोघंही पुरुष, दोघांचं प्रेम. घाबरते का मी?"

मी घाबरत नाही असं मला त्या दिवशी खरंच वाटलं होतं.

रविवारी मी उभी राहिले. समोर पहिल्या रांगेत मोतीलालजी, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांच्या बाजूला त्यांची थोरली बहीण गोदाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आणि गोदाबाईंच्या शेजारी अश्विनची आई, अनुसया मावशी. नवी साडी नेसून आल्या होत्या. दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण लेकाचं पुस्तक मांडीवर धरून बसल्या होत्या, उलटं. मागे दाराजवळ अश्विन उभा होता.

मी तोंड उघडलं, आणि माझ्या कानांनी ऐकलं ते असं: "मित्रांनो, 'जरीब' हे पुस्तक म्हणजे आपल्या भागातल्या जमीनमोजणीवर आधारलेलं अतिशय अभ्यासपूर्ण लेखन आहे."

मग थांबताच येईना. अमीन कसे असत, साखळी कशी असे, शेताच्या हद्दी कशा ठरत. इतिहासाची शिक्षिका आहे, बोलायला काय लागतं? वीस मिनिटं मी बोलले आणि त्यात प्रेम हा शब्द एकदाच आला, 'भूमीवरील प्रेम' असा. टाळ्या पडल्या. मोतीलालजींचे डोळे चमकत होते. चाळीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या, आणि त्यांच्या कामावर कोणी पुस्तक लिहिलंय हे ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

"सतरा प्रती मागवा," त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. "प्रत्येक घरात पाह्यजे. माह्या भावासोबत बांधाची केस चालू आहे, मले तर दोन लागतीन."

बाहेर अश्विन मोटरसायकलवर बसून माझी वाट पाहत होता. चेहरा पाहून मी आधीच सुरू झाले, "अरे, सतरा प्रती..."

"मोजणीचं पुस्तक?"

"समोर मावशी बसल्या होत्या रे. मोतीलालजी बसले होते. मले वाटलं, आधी घरात तर जाऊ दे पुस्तक. वाचतीन तं समजन."

"मी चौदा वर्ष लपून लिवलं, मित्रा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "छापलं कायले? बाहेर निंघावं म्हणून. आन तू पह्यल्याच दिवशी परत झाकून टाकलं."

"झाकलं नाही, मी फक्त..."

"तुले लाज वाटली. त्यायची नाही, माही."

किक मारून तो गेला. काळी पुतळी चौकापर्यंत मी त्याच्या गाडीचा मागचा दिवा पाहत उभी होते. नंतर त्यानं माझा फोन उचलणंच बंद केलं. माझी थायरॉईडची तपासणी होती, तिलाही पॅथॉलॉजीतून दुसरीच मुलगी आली. तिला शीर सापडेना. दंड चार ठिकाणी काळानिळा झाला, आणि मला वाटलं, बरोबरच आहे.

आठवड्यानं पार्सल आलं आणि सतरा पुस्तकं घराघरांत गेली. मग शांतता. आमच्याकडे मराठी बोलतात पुष्कळ, पण वाचायला वेळ लागतो. निम्म्यांची शाळा हिंदीत झालेली. मी रोज शाळेतून येताना बसमध्ये हिशेब करायची, आता कोण कोणत्या पानावर पोचलं असेल. एकशे सोळाव्या पानावर सुकलू नदीत अंघोळ करतो आणि केशोराव नकाशावर शाई सांडतो. तिथे कोणाला शंका यायला हवी. पण नाही आली. नंतर कळलं, मोतीलालजींनी समासात लिहिलं होतं, 'शासकीय नकाशाची हेळसांड.'

पहिली बातमी वाईट आली. मंडळातले दुलीचंदजी, ज्यांची साखर अश्विन गेली सहा वर्षं दर महिन्याला तपासायचा, त्यांनी पॅथॉलॉजीत फोन करून सांगितलं, "उद्यापासून दुसरा माणूस पाठवा. घरात लेकरं आहेत." अजून दोन घरांतून तसेच फोन आले. पॅथॉलॉजीवाल्यानं अश्विनला काही म्हटलं नाही, फक्त त्याच्या यादीतून ती घरं काढली आणि त्याच्याकडे न बघता यादी दिली. हे मला तिथल्याच त्या चार ठिकाणी टोचणाऱ्या मुलीनं सांगितलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता सरळ अनुसया मावशींकडे गेले. ठरवलं होतं, बाहेरून काही कानावर पडायच्या आधी मीच सांगायचं. आपण केलेली घाण आपण निस्तरायची.

आंगणात खाटेवर धोतर पसरलं होतं आणि मावशी मुगाच्या वड्या घालत होत्या. बाजूला खुर्चीवर शेजारच्या गोदाबाई, दोऱ्याचा चष्मा नाकावर, हातात 'जरीब'. खाली त्यांची सून दीपिका बसलेली, तिला मराठी वाचता येत नाही म्हणून ती ऐकायला. गोदाबाई मोठ्यानं वाचत होत्या.

मी फाटकातच थिजले.

"ये व, बस," गोदाबाई म्हणाल्या. "तू सांगतलं होतं ना हे मोजणीचं आहे म्हणून?"

"गोदाबाई, मी..."

"एकशे नव्वद पानं झाले. एकशे नव्वद! अजून साखळीच ओढून राह्यले मेले. एवढा उशीर करते का कोणी? माह्या लग्नात तर चवथ्या दिवशी..."

"अम्माजी!" दीपिका म्हणाली.

"काय अम्माजी. तुले हिंदीत समजावून सांगू का?"

मला हसू येत होतं आणि मावशींकडे पाहायचं धाडस होत नव्हतं. त्या वड्या घालत होत्या. बोटांनी पीठ उचलायचं, अंगठ्यानं सोडायचं, एकीसारखी दुसरी. गोदाबाई पुढे वाचू लागल्या. केशोराव सुकलूला विचारतो, तुझ्या घरी कोण कोण आहे. सुकलू सांगतो, आई आहे. गोदाबाईंनी शेजारी मावशींकडे पाहिलं. मावशींनी पीठ संपवलं, हात धुतले, आणि मला म्हणाल्या, "चाल, तुले फाटकापर्यंत सोडते."

मी आत्ताच तर आले होते. पण उठले.

फाटकापाशी त्यांनी माझं मनगट धरलं. हात अजून ओला होता. "मित्रा, मले खरं सांग. हे त्याचंच हाय का?"

"काय, मावशी?"

"हे जे लिवलं. त्यानं मनानं बनवलं, का त्याचं हाय?"

"ते अश्विननं सांगायला पाहिजे मावशी. मी नाही."

"मी वीस वर्षापासून वाट पाहून राह्यली, तो सांगन म्हणून," त्या म्हणाल्या. "सहा पोरी दाखवल्या त्याले. सहा बारी चिवडा बनवला. दर बारीले तो पोरीच्या बापाचं बीपी विचारे. मी अडाणी असन, आंधळी नाही."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही त्याले विचारा ना."

"आन त्यानं नाही म्हणलं तं? मग काय करू?" त्यांनी मनगट सोडलं. "म्हणून ऐकून राह्यली. पूर्ण ऐकू दे मले. मग पाहू."

दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोतीलालजींची नोटीस पडली. विशेष सभा. विषय: आक्षेपार्ह पुस्तकाबाबत निषेधाचा ठराव. वक्त्या श्रीमती संघमित्रा यांनी सभेची दिशाभूल केल्याबाबत खुलासा द्यावा. त्याखाली कोणीतरी चुकून गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं.

मी अश्विनच्या पॅथॉलॉजीत गेले. तो नळ्यांवर नावं चिकटवत होता.

"रविवारी मी सगळं सांगणार आहे," मी म्हटलं. "मागच्या वेळचं पण सांगणार. तू ये किंवा नको येऊ."

"येईन," तो म्हणाला. मान वर केली नाही. मग म्हणाला, "दंड दाखव." मी बाही वर केली. तो बराच वेळ पिवळट पडत आलेल्या त्या डागांकडे बघत राहिला. "काय कापलं होतं का त्या पोरीनं तुले? माणूस आहे का भेंडी?"

म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

विशेष सभेला मंडळाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गर्दी झाली. शेजारच्या मंगल कार्यालयातून खुर्च्या आणाव्या लागल्या. ज्यांनी वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं ते पहिल्या रांगेत. पोह्यांचं पातेलंही दुप्पट. मोतीलालजी टेबलामागे बसले, समोर 'जरीब', त्यातून पंधरा-वीस चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या. अनुसया मावशी गोदाबाईंसोबत आल्या. अश्विन मागे दाराजवळ, पुन्हा तिथेच.

मला आधी बोलायला सांगितलं. या वेळी मी पहिल्या वाक्यातच उरकलं.

"मागच्या सभेत मी खोटं बोलले," मी म्हटलं. "'जरीब' मोजणीचं पुस्तक नाही. दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी आहे. मला ते माहीत होतं. मी ते लपवलं, कारण मला तुमची भीती वाटली. आणि माझ्या मित्राला वाटलं की मला त्याची लाज वाटली. त्याचं बरोबर होतं, थोडी वाटली. आज मी पुन्हा शिफारस करते. मी गेल्या दहा वर्षांत इतकं सुंदर मराठी पुस्तक वाचलं नाही. त्यात आपली नदी आहे, आपली बोली आहे, दोन माणसं आहेत आणि त्यांना एकमेकांच्या जवळ यायला साडेतीनशे पानं लागतात..."

"एकशे त्र्याण्णव," गोदाबाई म्हणाल्या.

"...एकशे त्र्याण्णव पानं लागतात. वाचा. नसेल आवडलं तर परत करा. पण मोजणीचं नव्हतं म्हणून परत करू नका. ती चूक माझी आहे."

मी बसले. कोणी टाळी वाजवली नाही.

दुलीचंदजी उठले. ते म्हणाले, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, घरात सुना-लेकरं आहेत, आणि असं लिहिणारा माणूस आपल्या घरात येऊन आपला हात धरायचा याची त्यांना किळस येते. हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं, अश्विनकडे बोट करून, त्याच्या आईसमोर. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. अश्विनच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. पण तो तिथून हलला नाही.

मग मोतीलालजी उभे राहिले. "मी कायद्याचा माणूस आहे," ते म्हणाले. "पुराव्याशिवाय बोलणार नाही. पान क्रमांक एकशे त्र्याण्णव. आक्षेपार्ह मजकूर सभेसमोर ठेवतो."

आणि ते वाचू लागले. चाळीस वर्षं पंचनामे वाचून कमावलेला आवाज, खणखणीत, प्रत्येक शब्द सुटा.

थंडीची सकाळ आहे. दहिवर पडलंय. साखळीच्या कड्या बर्फासारख्या गार आणि रात्रभर ओलीनं गंजलेल्या. सुकलूचे तळहात ओढून ओढून फाटलेत, त्यातून रक्त येतंय, आणि तो ते धोतराला पुसून पुन्हा साखळी उचलतोय. केशोराव पहिल्यांदा आपलं टोक सोडतो. साखळीच्या रेषेवरून चालत येतो. सुकलूच्या समोर उकिडवा बसतो, मोहाच्या बियांचं तेल कोमट करतो, आणि अमीनसाहेब असून गड्याचा तळहात आपल्या गुडघ्यावर घेऊन एकेका चिरेत बोटानं तेल भरतो. सुकलू म्हणतो, साहेब, लोक पाहतीन. केशोराव म्हणतो, पाहू दे, आज मोजणी बंद आहे.

मोतीलालजींचा आवाज दुसऱ्या परिच्छेदात उतरला. तिसऱ्यात ते हळू वाचू लागले. आणि मध्येच थांबले. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं नाही, पण डोळे पुस्तकावर नव्हते. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते.

"जाडेच्या दिवसात, थंडीत," ते कोणाला तरी म्हणाले, "नवा नवा नोकरीले लागलतो तेव्हा. साखळीचे कडे खरंच कापतेत. कोणी तेल लावून दिलं नाही मले."

मग गोदाबाई म्हणाल्या, "पुढं वाच ना रे मोत्या. कायले थांबला?"

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "हौ, पूर्ण करा काकाजी." मोतीलालजींना एकदम आठवलं की ते निषेध करायला उभे आहेत. ते ताठ झाले. चष्मा नीट केला.

"हा झाला एक मुद्दा," ते म्हणाले. "गैरप्रकाराचा. त्याशिवाय मोजणीच्या सात चुका आहेत, त्या जास्त गंभीर आहेत!"

"कोणत्या?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अश्विन दारातून पुढे येत होता. दुलीचंदजींच्या बोलण्यावर जो माणूस एक शब्द बोलला नव्हता, त्याचा चेहरा आता खरोखर घाबरलेला होता. "कोणत्या सात, काकाजी? मी गॅझेटियर पाह्यलं. जुने नकाशे पाह्यले. नागपूरले जाऊन चार दिवस बसलतो."

"नागपूरले बसून मोजणी येते का? पान बासष्ट. साखळी टेकडीवरून उतारासोबत सोडली तू. उतारावर साखळी जमिनीवर नाही टाकत, आडवी ताणून धरतेत! नाही तं शेत जास्तीचं भरन. तुह्या केशोरावानं आख्खं गाव चुकीचं मोजलं!"

"म्हणजे कशी आडवी?"

मोतीलालजींनी वैतागून इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरच्या बॅनरची दोरी ओढून काढली (बॅनर दुलीचंदजींच्या डोक्यावर पडला) आणि एक टोक अश्विनच्या हातात दिलं. "तू तिकडं जा. त्या स्टेजवर चढ. हे झाली टेकडी. मी खाली. आता ताण. वर नाही बे, माह्या छातीच्या बरोबरीनं खाली बस. हौ. अजून वाक. आता पाह्य, दोरी कशी आहे?"

"सरळ."

"आडवी म्हण. सरळ नाही, आडवी. आता तू हाल, मी माहं टोक घेऊन येतो. पुढच्यानं ओढाचं, मागच्यानं दिशा सांगाची. तुह्या पुस्तकात दोघंही ओढून राह्यले."

पाच मिनिटं ते दोघं दोरी धरून सभागृह मोजत होते. खुर्च्या सरकवायला लावल्या. मोतीलालजी ओरडत होते, "ढील नको देऊ!" अश्विन म्हणत होता, "देत नाही काकाजी, तुमीच वाकडे चालून राह्यले." दीपिका तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी गोदाबाई म्हणाल्या, "पाहा, पाहा, साखळी धरली मोत्यानंबी," आणि सभा फुटली. मोतीलालजींना कळलं नाही लोक कशाला हसतायत. मग कळलं. दोरी त्यांच्या हातातून पडली.

ठराव मांडला गेला. अनुमोदन द्यायला दुलीचंदजी होते, पण ते आणि अजून चार जण बॅनर बाजूला करून आधीच निघून गेले होते, पोहे न खाता. आमच्या मंडळात याहून तीव्र निषेध झालेला नाही. अनुमोदक नाही म्हणून ठराव पडला.

"मी गैरप्रकाराले मान्यता देत नाही," मोतीलालजींनी घाम पुसत जाहीर केलं. "हे लिहून ठेवा. पण पुस्तक कपाटात राहीन. आन त्यात सात चुकायचं शुद्धिपत्र माह्या सहीनं चिकटवल्या जाईन."

अश्विननं ते शुद्धिपत्र मागितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं चुकांमुळेच.

त्या संध्याकाळी काय झालं ते त्यानं मला दुसऱ्या दिवशी मोती तालाबाच्या बागेत सांगितलं. घरी गेल्यावर मावशींनी चहा ठेवला. पाठमोऱ्या असतानाच विचारलं, "कोण होता तो?"

अश्विन म्हणाला, "कोण?"

"साखळीवाला."

तेव्हा त्यानं सांगितलं. तिरोडीच्या खाणीत सर्वेचं काम करणारा एक जण. कावीळ झाली तेव्हा रक्त तपासायला आला होता. चार वर्षं. मग त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न केलं, आता छिंदवाड्याला असतो. मला हे सगळं माहीत होतं. आईला तो आयुष्यात पहिल्यांदा सांगत होता.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"चहा उतू गेला. मग म्हणे, त्याले जेवाले काय आवडे?"

"आणि?"

"मी सांगतलं, आलूभात. तं म्हणे, एकदा आणलं असतं घरी, बनवला असता." अश्विननं तोंड फिरवून तलावाकडे पाहिलं. "मग आठ दिवस बोलणार नाही असं म्हणाली. राग आला म्हणे मले. लपवलं म्हणून. आता रोज भाकर वाढते, पण बोलत नाही. आज चौथा दिवस."

"अरे, कालच तर सभा झाली."

"हौ? मले चवथा वाटून राह्यला."

खरोखर आठ दिवसांनी त्या बोलल्या. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला विचारलं की सुकलूच्या आईला पुस्तकात नाव काहून नाही. ती तीन घरं मात्र त्याच्या यादीत परत आली नाहीत, दुलीचंदजी रस्त्यात दिसले तर बाजू बदलतात, आणि अश्विन अजूनही कधीकधी त्यांच्या गल्लीशी गाडी हळू करतो. सहा वर्षांची सवय. "साखर वाढली असन त्याची," म्हणतो.

पुढच्या महिन्यात वारासिवनीच्या एका वाचनालयानं आम्हाला बोलावलं. शिफारस मी करायची, लेखकानं सोबत बसायचं. दुपारच्या बसनं निघालो. अश्विन मागच्या सीटवर खिडकीला डोकं लावून झोपला, सकाळी चौदा घरं करून आला होता. माझ्या मांडीवर पुस्तकांची पिशवी. शेजारी एक बाई बसल्या, पन्नाशीच्या, हातात सुनेसाठी घेतलेल्या बांगड्यांचा डबा. गर्रा गाव मागे पडलं तेव्हा त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"मराठी हाय? कायचं हाय?"

बसमध्ये माणसं होती, पुढे कंडक्टर होता.

"दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे," मी म्हटलं. "खूप जुन्या काळची."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, सूर्यास्ताकडे आणि सायकलच्या साखळीकडे बघितलं, पानं फर्रकन उलटून शेवटच्या पानाशी आल्या, पण वाचलं नाही. बोट ठेवून मला विचारलं, "मरतेत का शेवटी?"

"नाही."

"दोघातला एकबी?"

"एकही नाही. शेती करतात."

"मग द्या," त्या म्हणाल्या, आणि बांगड्यांच्या डब्यावर पुस्तक ठेवून पहिलं पान उघडलं.